जानेवारी ते जून मुंबईत: इंटर्नशिपचं सत्र, कागद, लोकल आणि शनिवार-रविवार

आठवं सत्र वर्गात न घालवता पूर्णवेळ इंटर्नशिपला द्यायची सोय आता बऱ्याच स्वायत्त इंजिनिअरिंग कॉलेजांत आहे. आमच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यातले बहुतेक जण त्यासाठी पुणं गाठतात. मुंबईचं नाव काढलं की घरच्यांना गर्दीची धास्ती आणि आपल्याला भाड्याची. मी 6 जानेवारी ते 30 जून 2025 मुंबईत काढले. राहायला ठाणे, ऑफिस अंधेरी पूर्वेला मरोळमध्ये, शाखा सिव्हिल, काम स्ट्रक्चरल डिझाइनचं. डिपॉझिट, टीडीएस (स्टायपेंडमधून आधीच कापलेला कर) आणि गुणपत्रिका हे तिन्ही हातात आल्यावर आत्ता लिहिते आहे, कारण पुढच्या जानेवारीत जाणाऱ्यांची पळापळ दिवाळीच्या आसपासच सुरू होते.

माझं मत आधीच सांगून टाकते: मुंबईतलं सत्र चांगलं जाणार की वाईट, हे दोनच गोष्टींवर ठरतं. रोज किती वेळा गाडी बदलावी लागते, आणि हातात काय लिहून घेतलं आहे. बाकी मजा फार खर्चिक नाही.

ऑक्टोबर ते डिसेंबर: कागद

पीएम इंटर्नशिप योजनेचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. 2025 मध्ये महिना 5,000 रुपये मिळत होते, मोठ्या कंपन्या आहेत, म्हणून पोरं तिकडे अर्ज भरत बसतात. ती योजना पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नाही. चालू सत्राच्या क्रेडिटसाठी तिचा उपयोग नाही, तेव्हा तो वेळ वाचवा.

उरतात तीन वाटा: कॉलेजचा प्लेसमेंट सेल, एआयसीटीईचं (तंत्रशिक्षण परिषदेचं) इंटर्नशिप पोर्टल आणि थेट ईमेल. वीस-तीस माणसांच्या डिझाइन ऑफिसांत तिसरी वाटच चालते, कारण त्यांना पोर्टलवर जाहिरात टाकायला वेळ नसतो. ईमेलमध्ये 'मला शिकण्याची संधी द्यावी' असं दोन परिच्छेद लिहिण्यापेक्षा पहिल्या ओळीत तारखा लिहा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, आठवड्याचे पाच दिवस, कॉलेजचं ना हरकत पत्र मिळेल, अमुक सॉफ्टवेअर येतं. त्यांना एवढंच हवं असतं. सोबत एखादं स्वतः केलेलं ड्रॉइंग पीडीएफमध्ये जोडा. 'रजिस्ट्रेशन फी' किंवा 'ट्रेनिंग किट' म्हणून आधी पैसे मागणाऱ्यांना उत्तरसुद्धा देऊ नका.

ऑफर लेटर आलं की आनंदात लगेच सही करू नका. त्यात सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख, स्टायपेंड, टीडीएस कापणार की नाही, रजा किती, कॉलेजच्या आढावा परीक्षेसाठी सुट्टी मिळेल का, आणि शेवटी प्रमाणपत्र देणार का, एवढं असलंच पाहिजे. नसेल तर ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवर दिलेला होकार जूनमध्ये कोणाला आठवत नाही.

ना हरकत पत्राची फाइल आमच्याकडे मेंटर, विभागप्रमुख, प्लेसमेंट अधिकारी, अधिष्ठाता आणि शेवटी प्राचार्य अशी फिरते. डिसेंबरमध्ये परीक्षा आणि पेपर तपासणी असते, मग नाताळ. एक सही राहिली की आठवडा गेला. फाइल परत येण्याची नेहमीची कारणं दोन. कंपनीतल्या मेंटरचा ईमेल जीमेलवरचा असतो, तर कॉलेजला तो कंपनीच्या डोमेनवरचा हवा असतो. आणि ऑफर लेटरवरच्या तारखा कॉलेजने सांगितलेल्या किमान आठवड्यांत बसत नाहीत. दोन्ही गोष्टी फाइल देण्याआधी बघता येतात. पत्राच्या तीन मूळ प्रती मागा: एक कंपनीला, एक घरमालकाला दाखवायला, एक आपल्याकडे.

बँकेचं काम सगळे विसरतात. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं खातं बऱ्याच जणांचं अजून 'मायनर'च असतं. अठरा पूर्ण झाल्यावर नवी सही आणि केवायसी दिली नसेल तर ते खातं अडकतं आणि पहिला स्टायपेंड परत जातो. कंपनी रद्द केलेला चेक मागते. चेकवर नाव छापलेलं नसेल तर पासबुकाच्या पहिल्या पानाची शाखेचा शिक्का मारलेली प्रत चालते. पॅन आणि आधार जोडलेले आहेत ना, हेही गावात असतानाच बघून घ्या. मुंबईत आपली शाखा कुठे आणि आपण कुठे.

जागा

मुंबईच्या नकाशावर किलोमीटर मोजू नयेत, गाड्या मोजाव्यात. मरोळच्या ऑफिससाठी अंधेरीत पीजी घेतलं तर चालत जाता येतं, पण तीन जणांच्या खोलीत एका कॉटचे बारा-चौदा हजार सांगत होते. ठाण्यात नौपाड्याजवळ तशीच कॉट साडेआठ हजाराला मिळाली. तिथून लोकलने घाटकोपर, घाटकोपरहून मेट्रो, आणि मरोळ नाक्याला उतरून थोडं चालणं. म्हणजे एकच बदल. डोंबिवलीत अजून स्वस्त मिळालं असतं, पण सकाळी डोंबिवलीहून चढायचं म्हणजे काय ते डोंबिवलीकरांना विचारा. ऑफिस बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) असेल तर कुर्ला किंवा वांद्रे गाठायला सोपी जागा बघा, लोअर परळला असेल तर मध्य आणि पश्चिम दोन्ही लाइन चालतात, म्हणून तिथे जागेला पर्याय जास्त.

पीजीत सहसा करार होत नाही, एक फॉर्म भरून घेतात. त्यावर डिपॉझिट, नोटीसचा काळ आणि कशाचे पैसे कापणार, हे लिहून घ्या आणि फॉर्मचा फोटो काढा. तीन-चार जणी मिळून फ्लॅट घेणार असाल तर लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो. महाराष्ट्रात तसा कायदाच आहे. मुद्रांक शुल्क करारकाळाच्या एकूण भाड्याच्या 0.25 टक्के असतं, डिपॉझिटवरचं मानीव व्याजही त्यात धरतात, आणि शहरी भागात नोंदणी फी 1,000 रुपये. ते ऑनलाइन होतं, एजंट घरी येऊन अंगठे घेऊन जातो. त्यावर दलालाचं एक महिन्याचं भाडं. सहा महिन्यांसाठी हा सगळा खटाटोप परवडत नाही, म्हणून इंटर्नने पीजी बघावं हे बरं.

मालक आधार, फोटो, ऑफर लेटर आणि पालकांचा नंबर मागतात, कारण भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते. आधारची प्रत द्यायची तर यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार काढा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. पहिल्या दिवशी सामान लावायच्या आधी भिंती, गादी, कपाट आणि वीज मीटरचे फोटो काढा. आई म्हणाली, एवढा संशय कशाला. निघताना तेच फोटो दाखवावे लागले.

लोकल आणि मेट्रो

पास आधी. ठाणे ते सीएसएमटी सेकंड क्लासचा मासिक पास 215 रुपये, म्हणजे दोन-तीन रिक्षांच्या पैशांत महिनाभराचा प्रवास. ऑफिस घाटकोपरच्या बाजूला असलं तरी पास सीएसएमटीपर्यंतचा काढा. फरक थोडा पडतो आणि शनिवार-रविवारी सीएसएमटीपर्यंतची मुंबई फुकट होते. तिमाही पास मासिकाच्या 2.7 पट, म्हणजे तीन महिन्यांत थोडी बचत. विद्यार्थी सवलत मात्र विसरा. ती घर ते कॉलेज या प्रवासाला, कॉलेजच्या फॉर्मवर मिळते, ऑफिसला जायला नाही. खिडकीवर त्यासाठी भांडणारे दिसतात, उपयोग होत नाही. मी यूटीएस ॲपवरून पास काढत असे. 1 जुलै 2025 ला रेल्वेने रेलवन हे ॲप आणलं, आता अनारक्षित तिकीट त्यावर मिळतं. मोबाइलवरचा पास दाखवायला मोबाइल चालू असावा लागतो, हे वाचून हसू येईल, पण बॅटरी संपलेली असताना टीसी समोर आला की 250 रुपये दंड आणि वर भाडं. सेकंडचा पास घेऊन फर्स्टमध्ये किंवा एसी लोकलमध्ये चढलं तरी दंडच.

ठाण्याचा फायदा असा की काही स्लो लोकल इथूनच सुटतात. इंडिकेटरवर सुटण्याची वेळ, स्लो की फास्ट, किती डब्यांची, आणि कुठली, हे चारही वाचायची सवय लावा. बारा डब्यांची आणि पंधरा डब्यांची गाडी असली की महिला डबा वेगळ्या जागी येतो, आणि गाडी थांबल्यावर पळायला वेळ नसतो. पहिल्या आठवड्यात फलाटावरचा एक खांब धरून ठेवा, डबा कुठे येतो ते लक्षात राहतं.

डब्यातले नियम कुठे लिहिलेले नाहीत. आत शिरलं की बसलेल्या बायकांना एकेक करून 'कुठे उतरणार?' असं विचारायचं. जी कांजूरमार्ग म्हणाली तिची जागा तुमची झाली. नंतर कोणी तिलाच विचारलं तर ती तुमच्याकडे बोट करून 'दिली' म्हणते, आणि त्यावर वाद होत नाही. पण ठाणे ते घाटकोपर अंतर इतकं कमी की बसण्याच्या भानगडीत न पडलेलंच चांगलं. उतरायची रांग आधीच लागते. विक्रोळी गेलं की समोरच्या बाईच्या खांद्याला हलकं बोट लावून 'घाटकोपर?' विचारायचं. तिने मान हलवली तर तिच्यामागे थांबायचं; 'नाही, दादर' म्हणाली तर तिची आपली जागा तिथल्या तिथे बदलून घ्यायची. हे दार उघडण्याआधी झालं पाहिजे असं मी लिहिणार होते, पण आपल्या साध्या लोकलला दार बंदच होत नाही. बॅग पाठीवर नाही, पोटावर. फलाट कुठल्या बाजूला येतो ते प्रत्येक स्टेशनचं पाठ करा. चुकीच्या बाजूला उभं राहिलेली व्यक्ती पुढच्या स्टेशनावर उतरते.

परतताना घाटकोपरला कल्याण, अंबरनाथ, टिटवाळा काही आलं तरी चढायचा मोह होतो, कारण ठाण्यात सगळ्याच थांबतात. टाळा. लांबच्यांचा डबा भरलेला असतो आणि ठाण्याला उतरणाऱ्यांवर त्यांचा राग असतो, तो रास्तही आहे. पाच-सात मिनिटं थांबून ठाणे लोकल घ्यावी. ती शेवटी तुमच्या स्टेशनातच रिकामी होते.

घाटकोपर मेट्रो हा या प्रवासातला खरा अडथळा. सकाळी पावणेनऊ ते दहा या वेळात लोकलच्या पुलावरून सगळा लोंढा तिकडे वळतो आणि बॅग तपासणीपाशी रांग तुंबते. बॅग नसलेल्यांची रांग वेगळी आणि लवकर सरकते, म्हणून लॅपटॉप ऑफिसात ठेवायची परवानगी मिळाली तर जरूर घ्या. ऑफिसची वेळ साडेनऊच्या ऐवजी दहा करून मिळाली तर त्याहून चांगलं. पहिल्याच आठवड्यात विचारलं की देतात. तिकीट मोबाइलवर आधीच काढून ठेवा. या मेट्रोचं, म्हणजे मेट्रो 1 चं, भाडं 10 ते 40 रुपये. लोकलच्या मानाने जास्त, आणि माझ्या प्रवासखर्चात लोकलपेक्षा मेट्रोचा वाटा कितीतरी मोठा होता. रोज जाणाऱ्यांनी फेऱ्यांचा पास घ्यावा.

मरोळ नाक्याला मेट्रो 3 सुद्धा भेटते. ती ऑक्टोबर 2024 मध्ये आरे ते बीकेसी सुरू झाली होती, त्यामुळे बीकेसीच्या साइटवर पाठवलं की रिक्षाचे पैसे वाचत. दोन्ही मेट्रो वेगवेगळ्या संस्थांच्या, तिकीटही वेगळं. तेव्हा जमिनीखाली फोनला रेंज मिळेल याची खात्री नसे, म्हणून तिकीट वरच काढायचं.

रिक्षा, बस

रिक्षा वांद्र्याच्या आणि शीवच्या दक्षिणेला चालत नाही, तिथे टॅक्सी. 1 फेब्रुवारी 2025 पासून रिक्षाचं किमान भाडं 23 वरून 26 आणि टॅक्सीचं 28 वरून 31 झालं. मीटर नव्या दराला लावून होईपर्यंत चालक दरपत्रक दाखवत. आकडा स्वतः बघा, लाजू नका. रात्री बारा ते पाच सव्वापट. बेस्टची दरवाढ 9 मे ला झाली: साध्या बसचे 5 चे 10, एसीचे 6 चे 12. त्या आठवड्यात ऑफिसात दुसरा विषय नव्हता.

ऑफिस, लॉगबुक आणि तो एक ऑनलाइन विषय

पहिले दोन आठवडे कोणी काम देत नाही, याची तयारी ठेवा. सगळे कामात बुडालेले असतात आणि आपण खुर्चीत. मोठं काही मागू नये, लहान मागावं. 'काही काम आहे का' याऐवजी 'या स्लॅबचं बार बेंडिंग शेड्यूल (सळ्यांच्या लांबीचा आणि वाकांचा तक्ता) मी करून बघू का, तुम्ही तपासा' असं म्हटलं की काम मिळतं. शेड्यूलमध्ये हुकची लांबी आणि वाक वजा करणं इथे नवशिक्यांचं चुकतं, आणि ते तपासताना सीनियर पाच मिनिटं शिकवतात. आयएस 456 आणि आयएस 13920 ही काँक्रीट डिझाइनची भारतीय मानकं छापून जवळ ठेवली तर प्रश्न विचारायला निमित्तही मिळतं. साइटवर जायचं असेल तर सेफ्टी शूज स्वतःचे घ्या. साइटवर ठेवलेले बूट मापाचे मिळणं अवघड, मुलींना तर फारच.

लॉगबुक रोज लिहा. दिवसाला तीन ओळी: काय दिलं, काय केलं, कोणी तपासलं. आठवड्याच्या शेवटी कंपनीच्या मेंटरची सही घ्या. महिनाभराच्या सह्या एकदम मागितल्या तर ते नाखूश होतात, आणि एकाच पेनाच्या एकाच शाईतल्या सह्या कॉलेजात लगेच ओळखू येतात.

सगळ्यात जास्त अडचण शेवटी अहवालाला येते. जॉइनिंगच्या दिवशी आपण गोपनीयतेचा करार करतो, आणि जूनमध्ये कॉलेजला ड्रॉइंगसकट अहवाल हवा असतो. हे दोन कागद एकमेकांच्या विरुद्ध आहेत. यावर मार्चमध्येच बोला. आमच्याकडे ठरलं ते असं: टायटल ब्लॉक (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली माहितीची चौकट), प्रकल्पाचं आणि ग्राहकाचं नाव काढून टाकायचं, परिमाणं थोडी बदलायची, आणि मसुदा आधी ऑफिसला दाखवून ईमेलवर मंजुरी घ्यायची. ती मंजुरी अहवालाच्या परिशिष्टात लावली की कॉलेज काही म्हणत नाही.

सोबत एक ऐच्छिक विषय एनपीटेलवर (आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलवर) करायचा होता. आठवड्याची असाइनमेंट बहुतेक बुधवारी रात्री 11:59 ला बंद होते, आणि बुधवारी रात्री नऊला ठाण्यात पोहोचलेला माणूस ती करत नाही. रविवारी संपवा. बारा आठवड्यांच्या विषयात आठ चांगल्या असाइनमेंटचे 25 टक्के आणि परीक्षेचे 75 टक्के धरतात. दोन्हींत किमान गुण वेगळे लागतात, 25 पैकी 10 आणि 75 पैकी 30. परीक्षेची फी 1,000 रुपये, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असते. फॉर्म भरताना शहर मुंबई निवडा, गावचं नको. आमच्यातल्या दोघांना एप्रिलमध्ये परीक्षेसाठी घरी जाऊन यावं लागलं.

घरी जायचं म्हटलं तर एसटीत बायकांना अर्धं तिकीट, ते फार कामाला आलं. 25 जानेवारीपासून एसटीचं भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं, तरी अर्धं ते अर्धंच.

शनिवार-रविवार

फेब्रुवारीत एकटं वाटतं. पहिल्या महिन्याचं नवेपण संपलेलं असतं, रूममेटशी अजून सूर जुळलेला नसतो, आणि कॉलेजच्या ग्रुपवर निरोप समारंभाचे फोटो येत असतात. त्यावर मला लागू पडलेला उपाय एकच: शुक्रवारी रात्री पुढच्या दोन दिवसांतली एक जागा ठरवून टाकायची आणि एकटं असलं तरी जायचं.

रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास बंद ठेवलेले रूळ) बघा. मध्य रेल्वेवर तो बहुधा माटुंगा-मुलुंड पट्ट्यात, साधारण अकरा ते चार असतो, हार्बरवरही असतो, आणि वेळा आदल्या दिवशी जाहीर होतात. दहाच्या आत शहरात शिरायचं आणि पाचनंतर परतायचं, की ब्लॉक जाणवत नाही. शेवटची लोकल मध्यरात्रीनंतर लवकरच सुटते, एम-इंडिकेटर ॲपवर त्या दिवशीची वेळ बघून ठेवा. रात्री महिला डब्यात पोलीस असतो. रेल्वेची मदत 139 वर, मुंबई पोलिसांची महिलांसाठी 103 वर.

काळा घोडा कला महोत्सव 25 जानेवारी ते 2 फेब्रुवारी होता. प्रवेश मोफत, सीएसएमटीहून फोर्टमधून चालत जाता येतं. शनिवारी संध्याकाळी गेलात तर माणसांच्या पाठीच दिसतात; ऑफिसातून लवकर सुटता आलं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. महोत्सव नसतानाही जहांगीर आर्ट गॅलरी मोफतच असते, आणि दर आठवड्याला प्रदर्शनं बदलतात. मला तर ते जास्त आवडलं.

नाटक हा मुंबईत राहण्याचा सगळ्यात मोठा फायदा आहे, आणि इंटर्न लोक त्याकडे ढुंकून बघत नाहीत. ठाण्यात गडकरी रंगायतन तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होतं, पण काशिनाथ घाणेकर नाट्यगृह चालू होतं. दादरला स्टेशनजवळ शिवाजी मंदिर नाट्यगृह. बाल्कनीची तिकिटं स्वस्त असतात आणि आवाज नीट येतो. जुहूच्या पृथ्वी थिएटरात जागा क्रमांकाने नसतात, रांगेत आधी उभं राहील तो आधी बसतो, आणि तिसरी घंटा झाल्यावर आत सोडत नाहीत. विलेपार्ल्याहून रिक्षाला संध्याकाळी किती वेळ लागेल याचा भरवसा नाही, तासभर आधी पोहोचा आणि बाहेर चहा घ्या.

गुढीपाडवा 30 मार्चला, रविवारी आला. गिरगावची शोभायात्रा सगळ्यांना माहीत असते, पण ठाण्याची कौपिनेश्वर मंदिराची स्वागतयात्राही तशीच मोठी असते आणि खोलीपासून चालत होती. त्या दिवशी खोलीवर श्रीखंड आणलं, तिघींनी वाटून खाल्लं, आणि त्यानंतर आमचा सूर जुळला.

घारापुरी आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, दोन्ही सोमवारी बंद. राणीची बाग बुधवारी बंद. उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांना जायचं तर फेब्रुवारीच संपायच्या आत. एप्रिलमध्ये त्या कातळावर पाय ठेववत नाही. खाण्याचं फार सांगत नाही, त्यावर सगळेच लिहितात. ठाण्यात मामलेदारची मिसळ खाताना पहिल्यांदा 'मिडियम' मागा, 'तिखट' नको, एवढं कोल्हापूरकडच्यांनाही सांगते.

मे आणि जून

10 मे पासून मेट्रो 3 बीकेसीच्या पुढे वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत गेली. (9 ऑक्टोबर 2025 पासून ती थेट कफ परेडपर्यंत जाते, म्हणजे पुढच्या जानेवारीत येणाऱ्यांना जागा निवडताना एक पूर्ण नवी लाइन मिळाली. आरे, मरोळ या भागातून दक्षिण मुंबईत ऑफिस असेल तर हिशेबच बदलतो. भाडं 10 ते 70 रुपये.)

26 मे ला सोमवारी मोसमी पाऊस मुंबईत आला, नोंदी आहेत तेव्हापासून सगळ्यात लवकर. छत्र्या, रेनकोट सगळं गावाकडे. त्याच दिवशी आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं, लोकल रखडल्या. पावसाचं एक गणित इथे शिकायला मिळतं: जोराचा पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की पाणी निचरायला जागाच नसते, आणि शीव-कुर्ला भागात रूळ बुडतात. भरतीची वेळ पालिका रोज जाहीर करते. पाऊस आणि भरती जुळत असेल तर ऑफिसला सकाळीच घरून काम मागा, दुपारी घाटकोपरला अडकल्यावर नाही. लॉगबुक झिपच्या प्लास्टिक फाइलमध्ये, कपड्यांचा एक जोड ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, आणि कापडी बुटांऐवजी फ्लोटर्स.

9 जूनला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. ठाण्याच्या पुढे, कळव्यानंतरचं स्टेशन. दुसऱ्या दिवशी डबे तितकेच भरलेले होते, कारण लोकांना जायचं तर होतंच. घरून दिवसभर फोन येत राहिले. गाडी भरलेली असेल तर सोडा. लेट मार्क लागला तर लागला. जॉइन होतानाच महिन्यात किती लेट मार्क चालतात ते विचारून ठेवलं की ही गाडी सोडणं सोपं जातं.

हिशेब आणि निघणं

महिन्याला कॉट 8,500, दोन वेळचा डबा 3,800, प्रवास दीड-दोन हजार, वर फोन, कपडे धुणं, चहा. स्टायपेंड 15,000. म्हणजे हातात काही उरत नाही, पण घरून पैसेही मागवावे लागले नाहीत, डिपॉझिटचे 17,000 सोडून. नाटकं-बिटकं त्याच हिशेबात बसली.

टीडीएसची गंमत अशी की सत्र दोन आर्थिक वर्षांत पडतं. आमच्या ऑफिसने 194जे या कलमाखाली कापला. जानेवारी ते मार्च तीन महिन्यांचे 45,000, तेव्हाची मर्यादा 30,000, म्हणून 10 टक्क्यांनी 4,500 गेले. 1 एप्रिल 2025 पासून ती मर्यादा 50,000 झाली, त्यामुळे एप्रिल ते जूनच्या 45,000 वर काहीच कापलं नाही. कापलेले पैसे परत मिळवायला विवरणपत्र भरावं लागतं. कंपनीकडून फॉर्म 16ए (कर कापल्याचं प्रमाणपत्र) घ्या, 26एएसमध्ये (आपल्या नावावर जमा कराचा उतारा) रक्कम दिसते का बघा, प्राप्तिकराच्या साइटवर बँक खातं आधी पडताळून घ्या, आणि भरल्यावर 30 दिवसांत ई-पडताळणी करा, नाहीतर भरलेलं न भरल्यासारखं. 2025 मध्ये 31 जुलैची मुदत वाढवून मिळाली होती. दरवर्षी मिळेल असं समजू नका.

पीजीला एक महिन्याची नोटीस व्हॉट्सॲपवर आणि कागदावर, दोन्हीकडे द्या. मालकांनी रंगकामाचे पैसे कापायचे म्हटलं. जानेवारीतले फोटो आणि फॉर्मवरची ओळ दाखवल्यावर साफसफाईचे तेवढे कापून बाकी परत आले, तेही जुलै संपता संपता.

प्रमाणपत्र शेवटच्या आठवड्यात मागितलं तर मिळत नाही, सही करणारे परगावी असतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात मसुदा स्वतः टाइप करून एचआरला पाठवा. त्यावरच्या तारखा ना हरकत पत्राशी आणि प्रकल्पाचं शीर्षक अहवालाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. शेवटचा दिवस 30 जून असताना 27 जून लिहिलं तर कॉलेज आठवडे मोजतं आणि क्रेडिट अडवतं. दोन मूळ प्रती घ्या. तोंडी परीक्षा जुलैमध्ये झाली. प्रश्न अहवालावर कमी आणि लॉगबुकवर जास्त होते. गुणपत्रिका आली की इंटर्नशिपच्या ओळीत क्रेडिट बरोबर आहे का ते त्याच दिवशी बघा. चूक असेल तर परीक्षा विभागात अर्ज, सोबत प्रमाणपत्राची प्रत, आणि पोच घ्यायला विसरू नका.